नमुन्याच्या घरातला पलंग

परवडणाऱ्या घरांसाठी ताईंनी बावीस वर्षं सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले होते. गेल्या आठवड्यात बिल्डरनं नमुन्याचं घर दाखवलं. पलंग, कपाट, टेबल मांडूनही जागा उरत होती. ताईंनी आपल्या घरहक्क संस्थेच्या वतीनं बिनदिक्कत संमतीची सही ठोकून दिली. आज उद्घाटन होतं. गृहनिर्माण खात्याचे साहेब फीत कापायला दारात कात्री घेऊन उभे होते. असंच घर मिळणाऱ्यांपैकी एक म्हणून फोटोसाठी आत बसवलेले सुतारकाका वितीनं पलंग मोजत होते. “ताई, पाच फुटीच आहे. खोली मोठी दिसावी म्हणून सगळं सामान मुद्दाम बुटकं केलंय.” ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या चपलांसकट पलंगावर आडव्या झाल्या. पावलं बाहेरच राहिली. “ताई, पाहुणे बघतायत,” बिल्डर कुजबुजला. “बघू देत. साहेब, फीत राहू द्या, कात्री इकडे आणा. या घरात मावायचं तर आमचे पाय कापावे लागतील.”