जयश्रीची पसंती

"हा नको," जयश्री म्हणाली. "ह्याच्या पोटात काळं दिसतंय."

साईनाथ सोनाराने हिरा चिमट्याने उचलून पांढऱ्या कागदावर ठेवला. शहापुरात त्याचं दुकान चांगलं चालायचं. "बरोबर, ताई. ह्या पेअर आकारात मधे सावली पडते. सगळ्यांना नाय दिसत."

"तिला दिसतं," तिचा नवरा नितीन म्हणाला. "दुसरे दाखवा."

"आषाढात हिचा ओठ फाडलात, तवा तुमाला काय दिसलं नव्हतं का, दाजी?" शेजारी बसलेली शकू म्हणाली. शकू म्हणजे जयश्रीची भावजय.

सोनार घाईने कपाटाकडे वळला. नितीनने मान खाली घातली. "चुकलं माझं, वयनी. किती येळा म्हणू?"

त्या दिवसापासून जयश्री मुरबाडला भावाकडे राहत होती. नितीन आसनगावहून सारखा यायचा, ओट्यावर बसायचा, चहालाही हात न लावता परत जायचा. मग एकदा म्हणाला, तुला आवडंल तो हिरा घेऊ. आज तिला ठरवायचं होतं, त्याच्याबरोबर घरी जायचं की भावाच्याच घरात पडून राहायचं. शकू आली होती ती डोळा ठेवायला.

सोनाराने नवे खडे मांडले. एकाचं टोक बोथट होतं. एक नुसताच लांबोडका.

"हे तर तोंडलं हाय," शकू म्हणाली. जयश्री हसली. नवऱ्यासमोर ती कित्येक महिन्यांनी हसली होती.

मग तिला तो सापडला. खाली गोल, वर निमुळता, अळूच्या पानावर थांबलेल्या थेंबासारखा. तिने कागदासकट तो दाराच्या उजेडात नेला, सगळीकडून फिरवून पाहिला. पोटात सावली नव्हती.

"हाच."

"मनापासून पसंत हाय?" नितीनने विचारलं.

"हाय म्हनलं ना."

"मागाहून मनात काय राहायला नको, जया. दुसरा हवा तर घे. महाग असंल तरी घे."

"मला हाच पायजे."

"आता साक्षीला भटजी बोलावता का?" शकू म्हणाली.

सोनाराने आरसा पुढे सरकवला. "गळ्याशी धरून बघा, ताई. चेन केवढी लागंल ते कळंल."

"नको." नितीनने हिऱ्यावर अलगद हात ठेवला. "सुटाच द्या. मढवायला मुरबाडला देतो. तिथं जुना कारागीर हाय एक."

तो मित्राची गाडी घेऊन आला होता. वाटेत शकू मागच्या सीटवर पेंगली. सरळगाव मागे पडलं तशी जयश्री हळूच म्हणाली, "येते मी. पिशवी घेऊ, नि जाऊ घरी."

नितीनने नुसती मान हलवली. त्याचे डोळे भरले होते.

शकूला घराशी सोडलं. ती जयश्रीची पिशवी भरायला आत गेली. नितीनने गाडी मागच्या आळीत नेली. तिथे धाऊ सोनाराचं एका खोलीचं दुकान होतं. जयश्री गाडीतच थांबली.

नितीनने आत जाऊन पुडी उघडली.

"सोन्याच्या पत्र्यावर मूर्ती उठवून टाक करायचाय. बाईचा. हा खडा तिच्या पायाशी बसवा."

धाऊने चष्मा वर सरकवला. "सवतीचा टाक?"

"व्हय. दुसरं लगीन ठरलंय माझं. नवी गळ्यात घालंल."

"आता कोण करतं रे हे? आजच्या पोरी मेलेल्या सवतीला गळ्यात घ्यायला तयार नसतात." म्हाताऱ्याने हिरा तळहातावर घेतला. "आनि टाकाला हिरा कशाला?"

"तिच्या पसंतीचा हाय. तिनेच निवडला."

"मग झ्याक. हौस पुरली की गेलेली बाई नवीला छळत नाय." धाऊ हिरा वजनाला लावत होता. "कोजागिरीला तयार ठेवतो. कधी गेली बिचारी?"

नितीनने दाराबाहेर पाहिलं. गाडीची काच खाली करून जयश्री फोनवर भावाचा निरोप घेत होती.

"कोजागिरीच्या आदी," तो म्हणाला.