सरावाचा खड्डा

“दोर सोडायचा नाही, सरकवायचा,” मामा म्हणाला. “आत माणूस आहे असं समजा, पोतं नाही.”

वर्गातल्या लंबूच्या हातून दोर पुन्हा सुटला. सरावाची शवपेटी एका अंगाला कलली आणि आतल्या वाळूच्या पिशव्या धडाधड घसरल्या.

“झालं,” मामा म्हणाला. “घरचे लोक आता जन्मभर हाच आवाज ऐकणार. घ्या वर.”

पाळक भिंतीच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. चर्चच्या दफनभूमीत, अगदी कोपऱ्यात, नव्या पाळकांचा आणि सेवकांचा वर्ग चालला होता. पेटी खाली कशी सोडायची, दुःखाच्या घरी जाऊन काय बोलायचं नाही, पायरीवर पडलेल्या म्हाताऱ्याला कसं उचलायचं, असली पुस्तकात नसलेली कामं इथे शिकवत. वर्ग पाळकांचा होता. पण दोर आणि फावडं आलं की सगळे मामाच्या तोंडाकडे बघत, कारण इथल्या कबरी तोच खणायचा. पाळकांना ते खटकायचं. हल्ली तर जास्तच.

गेल्या महिन्यात मामाची बायको गेली. तिला ह्या भिंतीच्या आत जागा मिळाली नाही. कित्येक वर्षं ती चर्चची पायरी चढली नव्हती, आणि यायचं सोडलं त्या दिवशी भर मंडळीत पाळकांना म्हणाली होती, “तुमच्या देवापेक्षा तुमचा नियमच मोठा झालाय.” पाळक ते विसरले नव्हते. चर्चच्या पंचांपुढे त्यांनी नियमच वाचून दाखवला. मामाने हात जोडून दोनच गोष्टी मागितल्या होत्या, भिंतीच्या आत जागा आणि पाळकांच्या तोंडची प्रार्थना. दोन्ही मिळाल्या नाहीत. मग तो तिला नगरपालिकेच्या विद्युतदाहिनीत घेऊन गेला.

तेव्हापासून तिची राख मडक्यात होती आणि मडकं अवजारांच्या खोलीत, फळीवर.

“ते आज हलव,” पाळकांनी सकाळीच बजावलं होतं. “ही खोली चर्चची आहे.”

“आज हलवतो,” मामा म्हणाला होता. एवढंच.

पेटी वर आली. मामाने आत वाकून बघितलं.

“तळ गेलाय हिचा. पुढच्या वर्गाला नवी करावी लागेल. आज पुरूनच टाकू, माती लोटायचा पण सराव होईल.”

“पुरा,” पाळक म्हणाले. “तेवढीच अडगळ कमी.”

“डोक्याकडे वजन कमी पडतंय. म्हणून कलते.” मामा खोलीत गेला. बऱ्याच वेळाने नळ वाहिल्याचा आवाज आला.

“वाळू भरतोय की आंघोळ करतोय?” पाळकांनी विचारलं. दोघंतिघं हसले.

मामा ओल्या हातांनी एक पिशवी घेऊन आला, ती पेटीत डोक्याच्या बाजूला ठेवली आणि झाकणावर खिळे ठोकले.

ह्या वेळी दोर नीट सरकले. पेटी जराही न हलता तळाला टेकली. लंबूने कपाळ पुसलं, पुढे होऊन प्रार्थना सुरू केली आणि शेवटाशी येऊन अडला.

“शेवटचे शब्द मला येत नाहीत,” तो म्हणाला. “वर्गात कधी घेतलेच नाहीत.”

“घेत नाहीत,” पाळक म्हणाले. “ते सरावात म्हणायचे नसतात. एकदा म्हटले की ती कबर. मग ती उघडायला सगळ्या पंचांची सही लागते. माझ्या काळात एकही उघडलेली नाही.”

“मग शिकायचे कधी?” वर्गातल्या एका सेविकेने विचारलं. ती आधी नर्स होती, तिला अर्धवट काम चालत नसे. “खऱ्या माणसावर?”

“जाऊ द्या ताई,” मामा म्हणाला. “पाळकसाहेबांना तरी कुठे पाठ आहेत? पुस्तकात बोट घालून म्हणतात ते.”

कोणीतरी खुदकन हसलं. पाळक खुर्चीतून उठले.

“मला पाठ नाहीत?”

“मी काय सांगणार? माझ्या बायकोच्या वेळी ऐकायचा योग आला नाही.”

पाळकांचे कान लाल झाले. त्यांनी पुस्तक खुर्चीवर टाकलं आणि खड्ड्याच्या काठाशी येऊन उभे राहिले.

“बघा रे सगळे. आणि तूही ऐक.” त्यांनी मामाकडे बघितलं. “भाऊ म्हणू की बहीण?”

“बहीण म्हणा. वजन बाईचं आहे.”

पाळकांनी डोळे मिटले. आवाज त्यांचा चांगलाच होता, आणि रागाने तो आणखी भरला. एक शब्द गाळला नाही, कुठे घाई केली नाही. आमच्या ह्या बहिणीला आम्ही मातीच्या स्वाधीन करतो, तिचा आत्मा देवाच्या हाती सोपवतो, इथपर्यंत आले तेव्हा सेविकेने डोळे पुसले आणि मग स्वतःलाच हसली.

“आमेन,” मामा म्हणाला. त्याने टोपी काढली होती.

“मिळालं उत्तर?” पाळकांनी विचारलं.

“मिळालं.”

पहिली मूठ मामाने टाकली. मग सगळ्यांनी माती लोटली, ढेकळं फोडून, आवाज न करता, त्याने शिकवलं होतं तशी.

“आता ही कबर झाली म्हणायची, पाळकसाहेब?” लंबूने विचारलं.

“वाळूची,” पाळक म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी मनापासून हसले.

मामा फावडं खांद्यावर टाकून फाटकाकडे निघाला होता. पाळकांना मडक्याची आठवण झाली. सांगितलेलं काम केलं की नाही बघावं म्हणून ते अवजारांच्या खोलीत गेले.

मडकं फळीवरच होतं. धुऊन, पालथं घातलेलं. त्याच्याखालचं पाणी अजून वाळलं नव्हतं.