ओला चुना

ईस्टरच्या तोंडावर टेकडीवरच्या गावात घरोघरी सफेदी चालली होती. माद्रिदहून आलेली इनेस आईच्या दारात पाहुण्यांचा कप घेऊन बसली होती. शेजारची रेमे भिंतीवर कुंचला फिरवत होती. “अगं भवाने, किती थापशील? ओला चुना दिसत नाही, वाळल्यावर पांढरा होतो,” आई खेकसली. “तुमच्याच हाताखाली शिकले ना, मावशी,” रेमे खिदळली. “मी लावू?” इनेसने विचारलं. “तू बस, बाळा. हात फुटतील.” माद्रिदला गेल्यापासून आई इनेसवर ओरडलीच नव्हती. दुसऱ्या पहाटे आई झोपेतच गेली. दफनानंतर इनेसने कुंचला उचलला. अर्धी भिंत राहिली होती. चुना लावूनही ती काळपटच दिसत होती, म्हणून इनेस थापतच गेली. चूक दिसूनही रेमेने चुन्याची बादली तिच्याजवळ सरकवली. ओल्या भिंतीवर हात ठेवून इनेस म्हणाली, “आई, माझ्यावरही ओरड ना.”