राज्यपक्ष्याचा आवाज

नेब्रास्काची राज्यचिन्हं संगणकावर शोधायचा तास होता. चौथीतली बाकीची मुलं राज्यफूल, राज्यवृक्ष करत पुढे निघून गेली. डेलनी मात्र राज्यपक्ष्यावरच अडून बसली होती. हेडफोन लावून राज्य उद्यानाच्या संकेतस्थळावरचं त्या पक्ष्याचं, मेडोलार्कचं, एकच ध्वनिमुद्रण ती पुन्हा पुन्हा ऐकत होती. त्याच उद्यानात वनरक्षक असलेले तिचे वडील हिवाळ्यात गेले, तेव्हापासून तिचं अभ्यासात लक्षच नसे.

"डेलनी, किती वेळा तेच ते? लिही आता."

"एकदाच, मिस. शेवटचं."

"पुरे म्हटलं ना!" लिंडक्विस्ट बाईंनी हेडफोन काढूनच घेतले. पोरगीनं वही पुढे ओढली.

शाळा सुटल्यावर संगणक बंद करता करता बाईंनी सहज ते मुद्रण लावून पाहिलं. पक्षी गायच्या आधी एक पुरुषी आवाज कुजबुजला, "डेलनी, हलू नकोस हं बाळा. तो बघ, कुंपणावर बसलाय."

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःच ते मुद्रण लावलं आणि हेडफोन तिच्यापुढे धरले. "ऐक डेलनी. हवं तेवढं ऐक."

"नको, मिस," मान वर न करता डेलनी म्हणाली, "मी लिहितेय ना."