डावीकडचा सूर

सुनेने हेडफोन एका कानावरून बाजूला सारला. "आई, इथे कोणीतरी गुणगुणतंय. पुसून टाकू?"

गायिका खुर्ची ओढून स्क्रीनजवळ सरकली. तिच्या एका जुन्या मैफलीचं रेकॉर्डिंग नव्याने निघणार होतं आणि ते साफ करायचं काम सुनेकडे होतं. सुनेचा व्यवसायच तो. मागच्या खोलीच्या भिंतींना फोम चिकटवून तिने तिथे स्टुडिओ थाटला होता. सकाळपासून तिने लोकांचे खोकले काढले होते, एक करकरणारी खुर्ची काढली होती आणि कोणाची तरी शिंक अर्ध्यावर कापली होती.

"नको," गायिका म्हणाली. "तेवढं राहू दे."

"पण नेमकं त्या शांततेतच आहे ते."

ती शांतता गाजलेली होती. शेवटच्या कडव्याआधी गायिका थांबते, सभागृह श्वास रोखून धरतं आणि मग ती अचानक वरच्या सुरावर जाते. मूळ चाल तिथे खाली उतरायची. या रेकॉर्डिंगनंतर मात्र सगळेच ते गाणं तिथून वर न्यायला लागले. गायिकेचं नाव घरोघरी पोचलं ते त्या एका जागेमुळे.

"शांतता कसली," गायिका म्हणाली. "मी पुढचं विसरले होते."

सुनेने दुसराही कान मोकळा केला.

"डोकं पार रिकामं. तेवढ्यात समोरून कोणीतरी हळूच सूर दिला. मी तो पकडला आणि गात सुटले. नंतर लोकांनी विचारलं, हे कुठून आणलं, तेव्हा कुठे आठवलं की चाल खाली जाते. मी नुसती हसले. देणारा कोण होता कोण जाणे, पण काय सुचलं त्याला त्या क्षणी!"

"आणि तुम्ही कधी शोधलं नाहीत?"

"कुठे शोधू? समोर सगळा अंधार. शिवाय शोधायचं म्हणजे विसरल्याचं सांगणं आलं. आता त्याचं काही वाटत नाही. उलट कव्हरवर त्याचं नाव छापावं म्हणतेय."

आता सुनेला चैन पडेना. तिने त्या गुणगुणण्याचा तुकडा वेगळा केला, मोठा केला, पुन्हा पुन्हा ऐकला. मग म्हणाली, "बाईचा आवाज आहे. स्टेजवर दोन माइक होते ना? डाव्या माइकमध्ये स्वच्छ येतोय, उजव्यात जेमतेम. म्हणजे पहिली रांग, डावा कोपरा."

त्या मैफलीत व्हायोलिनची साथ करणारे गृहस्थ अजून फोनवर खणखणीत बोलायचे.

"मी नाही बुवा," ते म्हणाले. "तुझं तोंड बघून मीच इतका घाबरलो की तार उतरल्याचं सोंग करत खुंटी पिळत बसलो. डाव्या कोपऱ्यात गुरुजी होते. शेजारी धाकटी. तिथे आणखी कोणी नव्हतं."

गायिकेने फोन ठेवला.

गुरुजींच्या हाताखाली दोघी एकदमच तयार झाल्या होत्या. गुरुजी गायिकेला थोरली म्हणायचे, दुसरीला धाकटी. त्या मैफलीसाठीही दोघींनी तयारी केली होती आणि गुरुजींनी ऐनवेळी थोरलीला बसवलं. मैफल झाल्यावर धाकटीने येणं सोडलं, फोन घेणं सोडलं. स्टेजवर ती कधी गायलीच नाही. एका शाळेत संगीत शिकवत राहिली.

"मी धरूनच चालले की ती जळते माझ्यावर," थोरली म्हणाली. "लोकांनाही तेच सांगत आले."

"आणि त्यांनी तर तुम्हाला सावरलं होतं."

"चल," थोरली उठली. "गाडी काढ."

दार धाकटीनेच उघडलं. बारीक कापलेले पांढरे केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. ती क्षणभर दारातच थबकली आणि मग बाजूला झाली. आत एक भिंतभर रेकॉर्डिंगं लावलेली होती. त्यातला एक अख्खा कप्पा थोरलीचा होता.

"माझं सगळं ऐकतेस?"

"या शहरातली तुझी एकही मैफल चुकवली नाही. मागे बसते. हल्ली पोरांच्या बँडलाही जाते. दोन दिवस कानात शिट्ट्या वाजतात, पण मजा येते."

थोरली हसली. मग धाकटीही. चहा झाला, दोघींच्या गुडघ्यांची चौकशी झाली. सुनेने लॅपटॉप उघडून हेडफोन धाकटीच्या कानांवर ठेवला.

धाकटीने डोळे मिटले. मांडीवर ताल धरलेली बोटं त्या शांततेपाशी थांबली.

"पुन्हा लाव," ती म्हणाली आणि पुन्हा ऐकलं.

"तूच ना ती?" थोरलीने विचारलं.

"मीच."

थोरलीने तिचा हात हातात घेतला. "इतकी वर्षं मी तुला नाही नाही ते बोलले. माझं सगळं त्या एका सुरावर उभं आहे गं. कव्हरवर तुझं नाव छापणार आहे मी. सगळ्यांत वर."

"नको छापू."

"आता तुझा मोठेपणा पुरे."

"मोठेपणा नाही तो," धाकटी म्हणाली. तिने हात सोडवून घेतला आणि हेडफोन उतरवून टेबलावर ठेवला. "तू विसरलीस ते मला दिसलं. खालचा सूर मला पाठ होता. म्हणूनच मी दुसरा दिला. तू तोंडघशी पडावीस म्हणून."