साहेबांचा बॉल

टक.

अतुलनं मारलेला बॉल सरळ गेला. म्हणजे अगदी सरळ, मोईनभाईंनी दुकानामागं बॅट ठोकून बघायला जाळी बांधलीय ना, तिच्या बरोबर मधोमध जाऊन आदळला. अतुल काठी हातात धरून तसाच उभा. गोल्फच्या काठीतून असा आवाज त्याच्या हातून कधी निघालाच नव्हता. त्याची बायको मेघा स्टुलावर बसून पेंगत होती, तिनं पण डोळे उघडले.

"हे तुमी मारलं?"

मोईनभाई खूश. पैठण गेटजवळचं त्यांचं दुकान, सगळा माल क्रिकेटचा अन् कॅरमचा, गोल्फचं काचेचं एकच कपाट, मग गोल्फचं गिऱ्हाईक आलं की ते सोडतच नाहीत. म्हणले, हाच मऊ बॉल घ्या, तुमचा हात हळू चालतो, हळू हाताला मऊ बॉलच सरळ जातो. तो कपाटातला महागाचा, आत थरावर थर असलेला, तो ताकदीनं अन् सफाईनं मारणाऱ्यांचा. नवख्यानं मारला की गरगर फिरत बाजूला, थेट झुडपात. शिवाय मऊ बॉल खिशाला परवडतो. अजून स्वस्त पाहिजे तर ही टोपली, तळ्यातून काढून धुतलेले जुने. रोज हरवणाऱ्यानं टोपलीतलेच घ्यावेत.

"अतुलभाऊ, बॉल अपने हाथ कू देख के लेना. दुसरे का देख के नहीं."

अतुलनं ऐकून घेतलं सगळं. डोळे लाल झालेले, दिवसभर वाळूजला स्वतःच्या शेडमध्ये मशीनवर उभा होता, अन् उद्या रविवार म्हणजे पहाटे उठून परत मैदान. त्यानं काठी भिंतीला टेकवली अन् कपाटातल्या महागाच्या बॉलकडं बोट केलं. तो द्या म्हणला. एकच. पण त्याच्यावर तीनचा आकडा पाहिजे.

मोईनभाई म्हणले, आकड्यानं खेळात काय फरक पडत नाय, तो नुसता आपला बॉल ओळखायला असतो. अतुल म्हणला, माहितीय, तीनच द्या. मोईनभाई डोकं हलवत खोकी धुंडाळायला माळ्यावर चढले.

मग अतुलनं मेघाला हळू आवाजात सांगितलं. ज्या कंपनीचं काम त्याची शेड करते, तिथले परचेसचे, म्हणजे कामं वाटणारे, साहेब ह्याच बॉलनं खेळतात, तीन नंबर, खाली हिरव्या मार्करचे दोन ठिपके. दर रविवारी तो बाभळीच्या झुडपात जातो, अन् सोबत खेळणारे सगळे शेडवाले, खेळ सोडून, वाकून वाकून तो शोधतात. मागच्या रविवारी त्यातलाच सिल्लोडचा सांडू झुडपात शिरला अन् लगेच बॉल घेऊन बाहेर आला. तीन नंबर, दोन हिरवे ठिपके. अतुल बाजूलाच होता, सांडूनं तो पँटीच्या खिशातून काढलेला त्यानं बघितला, घरूनच ठिपके लावून आणलेला. पण साहेबांनी सांडूच्या खांद्यावर हात टाकला अन् शेवटपर्यंत त्याच्याशीच बोलत चालले, अन् आठवड्याच्या आत अतुलचं ब्रॅकेटचं अर्धं काम सांडूकडं गेलं. आता उरलेल्या अर्ध्याचं ठरायचंय. ते पण गेलं की शेडला कुलूप.

शेडमध्ये बॉक्स पॅक करायला मेघाच उभी असते.

मोईनभाई बॉल घेऊन खाली आले. अतुलनं हिरवा मार्कर मागितला.

"खतम हो गया," मोईनभाई म्हणले. "क्या मालूम क्या चल रहा आज. सुबे से चार जने ले के गए, सब वाळूजवालेच. तीन नंबर बी ये आखरीच है."

अतुल काउंटरला टेकला. मेघाला वाटलं, आता सुटला बिचारा. म्हणली, राहू द्या मग, सगळ्यांच्याच खिशात तोच बॉल असला तर काय उपयोग.

"आता तर घ्यावाच लागंल," अतुल म्हणला. "ते समदे बॉल घेऊन बाहेर येतील, अन् मी एकटाच मोकळ्या हातानं येऊ व्हय?"

मोईनभाईंनी विचारलं, जाळीतला मऊ पण टाकू का पिशवीत, तुमच्यासाठी. अतुल जाऊन तो घेऊन आला. तळहातावर धरला, अंगठ्यानं दाबून बघितला, अन् जुन्या बॉलच्या टोपलीत सोडून दिला. तो इकडं तिकडं आपटत फटीतून खाली गेला.

मेघानं पर्स उघडली. नणंदेच्या हळदीला हिरव्या साडीवर घेतलेलं हिरवं नेलपॉलिश तळाशी होतं, अर्धं वाळलेलं. तिनं ते तळव्यांमध्ये घोळलं, बॉल मांडीवर धरला.

"कुठं असतात ठिपके?"

"तीनच्या खाली. शेजारी शेजारी."

तिनं एक ठिपका लावला. दुसरा लावता लावता थांबली.

"त्यांचा बॉल दरखेपी झुडपातच जातो. त्यांना कुणी सांगत काहून नाय, मऊ घ्या म्हणून?"

अतुल भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसला होता.

"सांगितलं तर सरळ जाईल ना."

मेघानं दुसरा ठिपका लावला, अन् वाळावा म्हणून हळू हळू फुंकत बसली.