शांततेची वेळ

अलार्म केकाटायला लागला तसा हार्टमूटने तो भिंतीवरून उचकटला आणि दोन उशांच्या मध्ये दाबून धरला.

"एक ते तीन शांततेची वेळ आहे," तो कुजबुजला. "शेजारी काय म्हणतील?"

आल्गॉयच्या डोंगरातल्या त्या कॅम्पवर शेजाऱ्यांची काही म्हणायची हिंमतच नव्हती. दर हिवाळ्यात हार्टमूट आपली कॅरव्हॅन घेऊन तिथे येई आणि दुपारच्या शांततेचा फौजदार होऊन बसे. कुणी खिळा ठोकला, कुणाचं बाळ रडलं, की स्वारी दारात हजर. एका म्हाताऱ्याला तर त्याने शिंक आवरायला सांगितलं होतं.

"अरे, विषारी वायूचा अलार्म आहे तो," त्याची बायको विब्के म्हणाली. तिचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. आता हातपायही गळून गेले होते. "छपरावर बर्फ साचलंय. हीटरचं धुराडं बुजलं असणार. त्यात तू खालची हवेची भोकं चिंध्या कोंबून बंद केलीस."

"त्यातून ऊब जात होती! तुलाच थंडी वाजते ना?"

"वर चढून बर्फ काढ."

"आत्ता? फावडं पत्र्यावर किती वाजतं, माहितेय? तीननंतर बघू." त्याने जांभई दिली आणि किंचाळणाऱ्या उशांवर डोकं टेकून डोळे मिटले.

विब्केने हात लांबवून हीटर बंद केला. दार उघडायला उठली, तर गुडघेच दुमडले. खिडक्या नवऱ्याने चिकटपट्टीने हवाबंद केलेल्या. ती घाबरली. घाबरली त्याहून जास्त चिडली. हा माणूस तिच्यासाठी उठणार नव्हता, स्वतःच्या जिवासाठीही नाही. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं तिला कळलं होतं. तो कशासाठी उठतो, तेही कळलं होतं.

ती सरपटत त्याच्या कानाशी आली.

"हार्टमूट, बाहेर कुणीतरी बर्फ उपसतंय."

त्याचे डोळे खाडकन उघडले. "या वेळेला?"

"खुशाल. शिवाय गाणंही म्हणतंय."

तो धडपडत उठला. भिंतीला धरत दारापाशी गेला, खांद्याने दार ढकललं आणि नुसत्या मोज्यांनिशी बर्फात उतरला. गार वारा भसकन आत घुसला. विब्के उंबऱ्यापर्यंत रांगत आली आणि अधाशासारखी ती हवा छातीत भरत राहिली.

"कोण आहे रे तो बेशरम?" हार्टमूट खोकत, झोकांड्या खात गुन्हेगार शोधायला निघाला. कॅम्पवर चिटपाखरू नव्हतं. सगळ्या कॅरव्हॅन त्याच्या धाकाने गप्प होत्या. मैदानाला एक फेरी मारून तो परत आला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता आणि विब्के दाराला धरून उभी होती.

"कुणीच नाहीये!" तो म्हणाला. "कोण उपसत होतं बर्फ?"

विब्केने भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं आणि छपराच्या पत्र्यावर दणकन हाणलं.

"मी," ती म्हणाली, आणि तिने गाणं सुरू केलं.